चौकातल्या कॅमेऱ्यामागचे कागद कसे मागावेत

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये बंदोबस्त वाढतो आणि बंदोबस्ताबरोबर कॅमेरे. रामकुंड, रविवार कारंजा, द्वारका, मुंबई नाका, तपोवनाचा रस्ता, कुठेही मान वर केली की खांबावर एखादा दिसतोच. त्याला विरोध करायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तो कोणाच्या आदेशाने लागला, त्यातलं चित्रीकरण किती दिवस राहतं, कोण पाहतं आणि यंत्र चेहरे ओळखतं का, हे विचारण्याचा हक्क माहिती अधिकार अधिनियम 2005 ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. खर्च 10 रुपये. बहुतेक अर्ज वाया जातात ते चुकीच्या कार्यालयात दिल्यामुळे किंवा प्रश्नाच्या चुकीच्या शब्दांमुळे.

आधी मालक शोधा. शहरातल्या कॅमेऱ्यांचा संबंध साधारण तीन ठिकाणी येतो: पोलीस आयुक्तालय, महापालिका (शरणपूर रोडवरचं राजीव गांधी भवन) आणि स्मार्ट सिटीची कंपनी, म्हणजे नाशिक म्युनिसिपल स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन. केंद्राचं स्मार्ट सिटी अभियान 31 मार्च 2025 ला संपलं, त्यामुळे यंत्रणा आज कोणाच्या ताब्यात आहे आणि देखभालीचं बिल कोण भरतं, हाच पहिला विचारण्याजोगा मुद्दा. त्र्यंबकेश्वर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत येत नाही, तिथला अर्ज नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. नाशिकरोड स्टेशनच्या फलाटावरचे कॅमेरे रेल्वेचे, म्हणजे केंद्राचे: त्यासाठी केंद्राचं वेगळं पोर्टल आणि केंद्राचे नियम.

कार्यालय चुकलं तरी अर्ज मरत नाही. कलम 6(3) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याने (कार्यालयात हे अर्ज हाताळणाऱ्याने) तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. 'हा विषय आमच्याकडे नाही' असं सांगून परत पाठवत असतील तर त्याच कलमाचा उल्लेख करून आवक क्रमांक घ्या.

आता शब्दांबद्दल, कारण खरी मेख इथेच आहे. 'कॅमेरे का बसवले?', 'नागरिकांच्या खासगीपणाचं काय?' असे प्रश्न विचारले की उत्तर येतं: 'प्रश्नार्थक माहिती देय नाही.' ते अगदीच चूक नाही. कायद्यातली 'माहिती' म्हणजे अस्तित्वात असलेला अभिलेख, आणि 'का' याचं स्पष्टीकरण त्यात बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये म्हटलं आहे. म्हणून कागदाचं नाव घेऊन कागद मागा: आदेश, परिपत्रक, कार्यादेश, करारनामा, नोंदवही, चाचणी अहवाल. महाराष्ट्राच्या नियमांत आणखी एक अट आहे: एका अर्जात एकच विषय आणि सर्वसाधारणपणे 150 शब्द. पानभर संताप लिहिलेला अर्ज याच अटीवर बाजूला पडतो.

जोडपत्र 'अ' च्या, म्हणजे नियमांतल्या अर्जाच्या नमुन्यात मजकूर असा लिहिता येईल:

विषय: सार्वजनिक ठिकाणच्या सीसीटीव्ही यंत्रणेचे अभिलेख. कालावधी: 1 एप्रिल 2023 ते अर्जाचा दिनांक.
1) पोलीस ठाणेनिहाय कॅमेऱ्यांची संख्या.
2) चित्रीकरण किती दिवस साठवायचे व केव्हा पुसायचे याबाबतचा आदेश, परिपत्रक किंवा कार्यपद्धतीची प्रत.
3) चेहरा ओळख प्रणालीचा कार्यादेश, करारनामा व स्वीकृती चाचणीचा अहवाल.
4) चित्रीकरण पाहण्याचे व प्रत देण्याचे अधिकार असलेल्या पदनामांची यादी.
5) चित्रीकरणाच्या प्रती दिल्याच्या नोंदवहीतील मागील 3 महिन्यांची पाने, व्यक्तींची नावे झाकून.
अभिलेख अस्तित्वात नसल्यास तसे मुद्देनिहाय लेखी कळवावे.

शेवटची ओळ कधीही गाळू नका. 'अशी कार्यपद्धती उपलब्ध नाही' हे सही-शिक्क्याचं उत्तर हजार पानांच्या प्रतींपेक्षा मोलाचं ठरू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि त्यात हस्तक्षेप करायचा तर सरकारला कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणशीरपणा दाखवावा लागतो. लेखी नियमच नसेल, तर पहिल्याच पायरीवर खुलासा मागता येतो.

पहिल्या मुद्द्यात नेमकी ठिकाणं न मागता फक्त संख्या मागितली आहे, तीही मुद्दाम. खांबनिहाय यादी मागितली की सुरक्षेचं कारण सांगून सगळा अर्ज नाकारायला सोपं जातं. तिसऱ्या मुद्द्यातला चाचणी अहवाल मात्र सोडू नका. चेहरा 'जुळला' म्हणजे किती टक्के जुळला, हे कुठे तरी ठरवलेलं असतं. दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारातच सांगितलं की ते 80 टक्क्यांच्या वर जुळणी झाली की ती होकारार्थी धरतात. नाशिकमध्ये हा आकडा कोणी, कोणत्या कागदावर ठरवला, हे इथल्या माणसाला कळायला हवं.

खर्चाच्या मंजुरीचा कागद हवा असेल तर एक स्थानिक खाचखळगा लक्षात ठेवा. मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक होते. त्या काळातल्या निर्णयासाठी 'महासभेचा ठराव' मागितला तर 'असा ठराव नाही' असं खरं पण निरुपयोगी उत्तर येईल. 'महासभा किंवा प्रशासकीय ठराव' असं लिहा. निविदा आणि शासन निर्णय आधी महाटेंडर्स आणि राज्याच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर शोधा. क्रमांक हाताशी असला की टाळाटाळीला जागा कमी उरते.

शुल्कासाठी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात मिळतो. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर घरबसल्याही भरता येतं. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखला जोडावा लागतो. प्रतींचा दर पानाला 2 रुपये. कागद फार असतील तर आधी पाहणी मागा, पहिला तास फुकट असतो, आणि हवी तेवढीच पानं काढून घ्या.

अर्जदाराच्या स्वतःच्या खासगीपणाकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही आणि संपर्कापुरता तपशील पुरतो. घरचा पत्ता द्यायची धास्ती वाटत असेल तर पोस्ट बॉक्स क्रमांक चालावा, असं कोलकाता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं आहे. ओळखपत्र मागितलंच तर आधारची पूर्ण प्रत देऊ नका. मतदार ओळखपत्र द्या किंवा मास्क केलेलं, म्हणजे सुरुवातीचे अंक झाकलेलं आधार.

उत्तराची मुदत 30 दिवस, अर्ज दुसरीकडे गेला असेल तर 35. प्रतींचं शुल्क भरा असं पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात मोजत नाहीत, म्हणून पत्र येताच भरा. मुदत टळली तर माहिती मोफत द्यावी लागते.

स्वतःचं फुटेज हवं असेल, म्हणजे अपघात, चोरी, पोलिसांशी झालेली बाचाबाची, तर वरचा रस्ता एकटा पुरणार नाही. साठवणूक काही दिवसांचीच असते, जुन्यावर नवं लिहिलं जातं, आणि उत्तराचे 30 दिवस भरेपर्यंत चित्रीकरण पुसलेलं असतं. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या दिवशीच साध्या कागदावर 'चित्रीकरण जतन करावे' असं पत्र हातोहात द्या. त्यात तारीख, वेळेची खिडकी (आधी-नंतर 15 मिनिटं धरून), जवळची खूण आणि तुमच्या कपड्यांचा किंवा वाहनाचा तपशील हवा. पोच घ्या, तेच ईमेलनेही पाठवा, मग अर्ज टाका. इतरांचे चेहरे दिसतात म्हणून नकार आला तर कलम 10 दाखवा: तेवढा भाग धूसर करून बाकी देता येतं.

घटना पोलीस ठाण्याच्या आत घडली असेल तर परमवीर सिंग सैनी खटल्यातला 2 डिसेंबर 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश उद्धृत करा: ठाण्यातलं चित्रीकरण 18 महिने, यंत्राची क्षमता कमी असेल तरी किमान एक वर्ष ठेवायचं आहे. 'आठ दिवसांत पुसलं' हे उत्तर तिथे चालत नाही. गुन्हा दाखल असेल तर वकिलामार्फत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली न्यायालयाकडून ते मागवता येतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक प्रतीबद्दलचं) प्रमाणपत्र नसेल तर पेनड्राइव्हमधली प्रत पुराव्यात टिकणं अवघड.

नकारांची कारणं ठरलेली असतात. 'तपास सुरू आहे' म्हणजे कलम 8(1)(h). नुसता तपास सुरू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने तो कसा अडेल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये म्हटलं. 'व्यापारी गुपित' हे कारण करारनाम्याला लावतात, तेव्हा फक्त तांत्रिक भाग झाकून दर आणि अटी मागा. तिसरं कारण सध्या सर्वांत डोकेदुखीचं: 'वैयक्तिक माहिती'. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम बदललं आणि नोव्हेंबर 2025 पासून बदल लागू झाला. पूर्वी त्याच कलमात असलेली व्यापक जनहिताची सवलत आता तिथे नाही. नागरिकाच्या खासगीपणासाठी केलेला कायदा अधिकाऱ्याच्या आडोशाला उपयोगी पडावा, ही त्यातली गंमत. कलम 8(2) मात्र शाबूत आहे: जनहित भारी ठरत असेल तर माहिती देता येते. अपिलात ते शब्दशः लिहा, आणि मुळात नावं न मागता पदनामं मागा.

उत्तर न आल्यास किंवा अपुरं आल्यास 30 दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये पहिलं अपील, 20 रुपयांच्या स्टॅम्पसह, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. तिथून 30, फार तर 45 दिवसांत निर्णय यायला हवा. नाहीच आला तर 90 दिवसांत जोडपत्र 'क' घेऊन राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. तारीख लवकर लागेल अशी आशा धरू नका. कलम 18 ची तक्रार आणि कलम 19 चं अपील यांत गल्लत करू नका: तक्रारीने दिवसाला 250, कमाल 25,000 रुपयांचा दंड होऊ शकतो, पण माहिती हाती येत नाही. माहिती हवी असेल तर अपीलच करा आणि त्यात दंडाचीही मागणी लिहा.

उत्तर हातात आलं की प्रभागाच्या नगरसेवकाला किंवा आमदाराला प्रत द्या. सभागृहातला प्रश्न कागदाच्या आधाराने विचारला गेला तर उत्तर मोघम देता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी मात्र पहिल्या पानावरचा आपला पत्ता, मोबाइल आणि सही काळी करा, आणि काळ्या पट्टीखालचा मजकूर पीडीएफमधून कॉपी होत नाही ना, हे एकदा तपासा.