टँकरची वही सी भाषेत: फाईल कशी लिहावी, कशी वाचावी

उन्हाळा लागला की पुण्यात वाघोली, उंड्री, बाणेरकडच्या सोसायट्यांत पाण्याचे टँकर सुरू होतात आणि गेटवरच्या वहीत तारीख, लिटर, रुपये अशा नोंदी वाढत जातात. तीच वही सी प्रोग्राममधून फाईलमध्ये ठेवू. पुस्तकातल्या रोल नंबर आणि मार्कांच्या उदाहरणापेक्षा हे बरं, कारण इथे बेरीज चुकली तर सेक्रेटरी लगेच विचारतो.

फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांतच हवीत.

आधी फाईल उघडा

वर एसटीडीआयओ.एच ही हेडर फाईल घ्या. मग फाईल प्रकारचा एक पॉइंटर घ्या, त्याला एफपी म्हणू (हा 'फाईल' शब्द मात्र मोठ्या अक्षरांत). एफओपनला दोन गोष्टी द्यायच्या: फाईलचं नाव आणि मोड. वाचायला 'आर', नव्यानं लिहायला 'डब्ल्यू', शेवटी भर घालायला 'ए'.

'डब्ल्यू'पासून जपून. या मोडनं फाईल उघडताक्षणीच आतलं सगळं जातं, तुम्ही एक अक्षरही लिहिलं नसलं तरी. रोजच्या नोंदींना 'ए' वापरा. फाईल नसेल तर तो ती तयार करतो, असेल तर जुन्याला हात न लावता खाली लिहितो.

फाईल उघडली नाही तर एफओपन नल (म्हणजे रिकामा पॉइंटर) परत देतो. ते तपासा आणि पीएरर हे फंक्शन बोलवा, म्हणजे कारण स्क्रीनवर येतं. बहुतेक वेळा फाईल असते, पण प्रोग्राम ती दुसऱ्याच फोल्डरमध्ये शोधत असतो. विंडोजवर आणखी एक भानगड होते: पाथमध्ये एकेरी बॅकस्लॅशनंतर 'एन' आला की कंपायलर त्याची नवी ओळ करतो, 'टी' आला की टॅब. दोन बॅकस्लॅश द्या किंवा सरळ / वापरा, विंडोजला तोही चालतो.

नोंद लिहा, फाईल बंद करा

प्रिंटएफ येत असेल तर यात नवीन काही नाही, फक्त पुढे एफपी लागतो:

एफप्रिंटएफ(एफपी, "%एस %डी %डी\एन", तारीख, लिटर, रुपये);

तारीख मध्ये मोकळी जागा न ठेवता लिहा, २०२५-०५-१४ अशी, पण इंग्रजी आकड्यांत. ती १० अक्षरांची होते, म्हणून कॅरेक्टर ॲरे ११ चा घ्या. मजकूर संपल्याची खूण म्हणून सी जो शून्य ठेवतो, त्यालाही जागा लागते.

लिहिलेलं लगेच डिस्कवर जात नाही, आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत साठतं. प्रोग्राम मध्येच कोसळला तर ते तिथेच राहतं. म्हणून काम झालं की एफक्लोज, आणि त्यानं परत दिलेली किंमतही बघा: शून्य म्हणजे ठीक. लिनक्सवर याची गंमत पाहता येते. /डेव्ह/फुल या फाईलमध्ये एक ओळ लिहून बघा. डिस्क भरल्याचं ही फाईल सोंग आणते. एफप्रिंटएफ बहुधा खुशाल यश सांगतो आणि एफक्लोज मात्र एरर देतो.

वाचन: इथेच सगळे घसरतात

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये 'एफईओएफ होईपर्यंत एफस्कॅनएफ करत राहा' असा लूप सर्रास दिसतो. तो लिहू नका. एफईओएफ पुढचं सांगत नाही; आधीचं वाचन फाईलच्या शेवटाला जाऊन थडकलं का, एवढंच सांगतो. शेवटची नोंद वाचून झाली तरी तिच्यामागचं नवी ओळ चिन्ह उरलेलं असतं, त्यामुळे लूप आणखी एकदा फिरतो. त्या फेरीत एफस्कॅनएफला काहीच मिळत नाही, व्हेरिएबलमध्ये जुनेच आकडे राहतात आणि तुमच्या बेरजेत न आलेला एक टँकर चढतो.

त्याऐवजी व्हाइल लूपच्या अटीतच एफगेट्स ठेवा. नल मिळालं की थांबा. एफगेट्सनं पूर्ण ओळ घ्यायची आणि एसस्कॅनएफनं त्यातले तुकडे सोडवायचे. ओळ वाचणारं जुनं फंक्शन गेट्स विसरा, सी च्या २०११ च्या मानकातून तो काढूनच टाकलाय.

एकूण लिटरची बेरीज लाँगमध्ये करा. काही कॉलेजांत अजून टर्बो सी चालतं आणि त्यात इंट १६ बिटचा असतो, कमाल ३२,७६७. दहा हजार लिटरचे तीन टँकर नीट बसतात, चौथ्याला उत्तर उणे २५,५३६ येतं.

ओळीत मराठी शेरा ठेवायचा असेल तर बफर, म्हणजे एफगेट्स ज्यात ओळ ठेवतो तो ॲरे, ऐसपैस घ्या. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि मात्रा, उकार वेगळे मोजले जातात. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण, मात्रा: लांबी बाइटमध्ये मोजणारा एसटीआरलेन १२ सांगतो. ८० चा बफर दिला तर एफगेट्स ७९ बाइटच घेतो, म्हणजे २६ चिन्हं आणि सत्ताविसाव्याचा तुटका पहिला बाइट. बाकीची ओळ पुढच्या फेरीत वेगळी ओळ असल्यासारखी येते.

आकडे मात्र फाईलमध्ये इंग्रजीच हवेत. %डी ला देवनागरी १०००० कळत नाही. एसस्कॅनएफ किती गोष्टी सापडल्या ते परत सांगतो: आपल्याला ३ हव्यात, अशा ओळीवर तो तारखेपुरता १ देऊन थांबेल. ३ न मिळाल्यास ती ओळ गुपचूप गाळू नका. ओळ क्रमांक मोजत राहा आणि चुकीची ओळ क्रमांकासकट एसटीडीईआरआर वर (एरर दाखवायची वेगळी वाट) छापा, म्हणजे फाईल उघडून थेट तिथे दुरुस्ती करता येईल.