सामना टीव्हीवर दाखवायचाय? आदल्या रात्रीची तयारी

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉल सामना असला की मी कॅमेरा लावतो. गुडघ्यांमुळे माझ्या चुलत्यांना आता स्टेडियमच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि त्यांच्या वयाची तालमीतली चार-पाच माणसंही घरीच असतात. त्यांच्यासाठी रविवारी आमच्या माडीवर सामना लागतो. टीव्हीला पोरांचा पीएस ४, म्हणजे प्लेस्टेशन ४ हा गेमचा कन्सोल, जोडलेलाच असतो, त्यावरच व्हिडिओ चालवतो. ही माणसं शिट्टीपासून शिट्टीपर्यंत सामना बघतात, मधे अडकला तर गप्प होतात. ते गप्प होणं मला बघवत नाही, म्हणून सगळी तपासणी मी आदल्या रात्रीच उरकतो.

पहिली गोष्ट कन्सोलवरची. पीएस ४ वर पेनड्राइव्हमधला व्हिडिओ चालवायला मीडिया प्लेयर नावाचं मोफत अ‍ॅप लागतं आणि ते इंटरनेटवरून उतरवावं लागतं. पाहुणे जमल्यावर हे लक्षात आलं तर अर्धा तास गेलाच. हातासरशी ते एकदा उघडून बघा.

मग पेनड्राइव्ह. संगणकावर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली साठवायची पद्धत, बघा. फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, कारण त्या पद्धतीत फाइलचा आकार ३२ बिटांच्या आकड्यात लिहिला जातो आणि तो आकडा तिथेच संपतो. पेनड्राइव्हवर शंभर जीबी मोकळे असले तरी 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप येतो तो यामुळे. एनटीएफएस असेल तर फाइल बसते, पण पीएस ४ ला ड्राइव्ह वाचता येत नाही. एक्सबॉक्स वन या दुसऱ्या कन्सोलला वाचता येतो, म्हणून मित्राकडे चाललेला ड्राइव्ह आपल्याकडे चालत नाही. पीएस ४ साठी एक्सफॅट घ्या. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो वगैरे आधी दुसरीकडे हलवा. आणि कन्सोलच्या सेटिंगमध्ये 'एक्स्टेंडेड स्टोरेज म्हणून फॉरमॅट करा' असा पर्याय दिसतो, त्याला हात लावू नका. तो गेम साठवण्यासाठी आहे, त्यात तुमचा व्हिडिओ पुसला जाईल.

घरात जुना पीएस ३ असेल तर त्याला फक्त फॅट ३२ कळतं. तिथे फाइल मध्यंतराला कापून दोन करा. फुटबॉलला ते शोभतंही. तरी प्रत्येक तुकडा ४ जीबीच्या आत आहे ना, बघून घ्या.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते. फाइलच्या नावामागे एमपी४ किंवा एमकेव्ही लिहिलंय म्हणून ती चालेलच असं नाही. ते नुसतं डब्याचं नाव झालं, आत भाजी कोणती ते वेगळं. हल्लीचे बरेच फोन जागा वाचवायला एचईव्हीसी, म्हणजे एच २६५, या पद्धतीत चित्रीकरण करतात. आयफोनवर फोर-केमध्ये सेकंदाला ३० फ्रेमने मिनिटाला साधारण १७० एमबी होतात. नव्वद मिनिटांचे झाले १५ जीबी. पीएस ४ च्या मीडिया प्लेयरला एच २६५ चालत नाही, त्याला एच २६४ हवं, तेही लेव्हल ४.२ पर्यंत, म्हणजे १०८० पिक्सेल आणि सेकंदाला ६० फ्रेम. फोर-के त्यात बसत नाही. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल टाकली की 'एव्हीसी' की 'एचईव्हीसी' ते लगेच दिसतं. एव्हीसी म्हणजेच एच २६४. चित्र दिसतंय पण आवाज नाही, असं झालं तर ऑडिओची ओळ वाचा. तिथे डीटीएस ही आवाजाची पद्धत असेल तर कारण तेच, आवाज एएसी किंवा एसी-३ या पद्धतीत करून घ्या.

फाइल बदलायला हँडब्रेक हा प्रोग्रॅम वापरतो. एमपी४, एच २६४, १०८० पिक्सेल, आवाज एएसी, फ्रेमरेट मुळातला होता तोच आणि तो स्थिर. फोनचा फ्रेमरेट मधेच कमी-जास्त होतो, त्याने पुढे चित्र आणि आवाजाची फारकत होऊ शकते. चेंडू बघायचा असतो, म्हणून ६० ला चित्रित केलेलं ३० वर आणू नका. जुन्या लॅपटॉपला या कामाला काही तास लागतात, शनिवारी जेवण झाल्यावर लावून झोपा. सेकंदाला ८ मेगाबिट ठेवले तरी नव्वद मिनिटांचे ५.४ जीबी होतात, म्हणजे बदललेली फाइलही फॅट ३२ वर मावत नाही.

गेल्या हंगामात मला सगळ्यात जास्त छळलं ते पेनड्राइव्हने. १२८ जीबीचा, स्वस्तात मिळालेला. पूर्वार्ध स्वच्छ चालला, मध्यंतरानंतर चित्र चौकोनांत फुटलं आणि थांबलं. मी कन्सोलला दोष देत राहिलो. नंतर रिकामा करून एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने तपासला तेव्हा कळलं की खरी जागा आठच जीबी आहे. अशा ड्राइव्हच्या चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपल्यावरचं सगळं हरवतं आणि कॉपी मात्र व्यवस्थित पूर्ण झाली असं दिसतं. फाइलचा आकारही बरोबर दिसतो, म्हणून आकार बघून समाधान मानू नका. नवीन पेनड्राइव्ह आणला की आधी पूर्ण भरून तपासायचा, हा माझा नियम झालाय. आणि काढताना इजेक्ट करूनच काढा. एक्सफॅट अर्धवट लिहिलेलं सावरून घेत नाही.

लॅपटॉपवरून वायफायने चालवायचं म्हणाल तर पेठेतल्या जुन्या घरांच्या पांढऱ्या मातीच्या हात-हातभर भिंती ध्यानात ठेवा. बदललेल्या फाइललाही सेकंदाला ८ मेगाबिट अखंड लागतात, वरच्या माडीवर तेवढे पोचतीलच असं नाही. लॅन केबल ओढली तर १०० मेगाबिटची साधी जोडणीही पुरते. मला तरी पेनड्राइव्हच बरा वाटतो.

शेवटी फाइल एका फोल्डरमध्ये टाका, त्याच कन्सोलवर, त्याच टीव्हीवर लावा. पहिली पाच मिनिटं बघून उठू नका. मध्यंतरावर जा, सत्तराव्या मिनिटावर जा, शेवटच्या शिट्टीपर्यंत जा. पुढे-मागे करताना अडखळलं तर तिथून दोन मिनिटं सलग चालू द्या. मग त्याच फाइलची दुसरी प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढा आणि लॅपटॉपची एचडीएमआय केबल टीव्हीजवळ ठेवा. काहीच चाललं नाही तर लॅपटॉप थेट जोडता येतो. चुलते सकाळी नऊलाच येऊन बसतात, त्याआधी हे सगळं जागेवर असतं.