मज्जारज्जूला करंट देताय? या चुका टाळा

पाठीवर स्पंजचे इलेक्ट्रोड लावून मज्जारज्जूला हलका करंट द्यायचा, असं आमचं काम. दर पावसाळ्यात नवी पोरं प्रोजेक्टला येतात, दर पावसाळ्यात त्याच चुका करतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे करंट बंद केला की परिणामही संपला असं धरून चालायचं. अरे मिक्सर आहे काय तो? डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, करंटने फायबर (मज्जातंतू) पेटवायचा नसतोच, त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे पेटायला किती जोर लागतो ती पातळी, हलवायची असते. माडाची चुडतं उन्हात टाकली की एका काडीत भसकन पेटतात ना, तसं. आणि ऊन गेलं म्हणून ती लगेच ओली होत नाहीत. भूल दिलेल्या उंदरांत मज्जारज्जूच्या मागच्या भागाला थोडाच वेळ कॅथोडचा (ऋण टोकाचा) करंट दिला, तरी तिथल्या संवेदी फायबरची उत्तेजनक्षमता पुढे तासभर तरी चढलेली दिसलीय.

मागे एकाला संध्याकाळची देवरूख एसटी पकडायची होती. त्याने काय केलं, अॅनोड (धन टोक) २० मिनिटं, मध्ये चहा, लगेच कॅथोड २० मिनिटं, तेही त्याच माणसावर, आणि असं आठ जणांवर. मग ग्राफ घेऊन आला, सर काही फरकच पडत नाहीये. पडेल कसा? तुझी दुसरी बेसलाइन, करंटआधीचं माप, म्हणजे पहिल्या सेशनचं उष्टं ताट! आठही जणांचा डेटा फेकला. मी दोन सेशनमध्ये आठवडा ठेवतो, कमीतही चालतं म्हणणारे आहेत, त्यांचं त्यांना चालू दे.

दुसरं, स्पंज. २.५ मिलिअॅम्पिअर, ३५ चौरस सेंमी असं वहीत छान लिहायचं आणि स्पंज असा थबथबलेला की सलाइनचा ओघळ कमरेपर्यंत. आपल्याकडे जुलैत पाठ आधीच घामाने चिकट, मग करंट कुठून कुठे पसरला देव जाणे. पंच्याने पाठ पुसा, स्पंज पिळून लावा. कोरडाठाक पण नको, चटका बसतो.

लाल-काळी वायर उलटी लावणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. ९ व्होल्टच्या बॅटरीचा जुगाड करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

उंदरांतला निकाल माणसाला जसाच्या तसा चिकटवू नका, आपल्या इलेक्ट्रोडखाली कातडी, स्नायू, हाड असं सगळं असतं.

आणि पाठीत स्टिम्युलेटर (आतूनच मज्जारज्जूला करंट देणारं यंत्र) बसवलेल्या पेशंटचं सेटिंग नुसतं खुर्चीत बसवून करू नका. उताणं झोपलं की मज्जारज्जू इलेक्ट्रोडकडे सरकतो, तोच करंट जोरात लागतो. एका काकांचा रात्री साडेदहाला फोन, "पडलो की पायात मुंग्यांचं वारूळ फुटतंय हो." तेव्हापासून मी आधी झोपवतो, मग बसवतो.