इंग्लंडमधली पॅरिश कौन्सिल: बैठकीला जाण्यापासून निवडणूक लढवण्यापर्यंत

मार्चमध्ये काउन्सिल टॅक्सचं (घरावरच्या स्थानिक कराचं) वर्षाचं बिल घरी येतं. महिन्याचा हप्ता किती वाढला तेवढं बघून बहुतेक घरांत ते कपाटात जातं. ते एकदा पूर्ण उघडून वाचा. तुमचे पैसे कोणाकोणाला जातात त्याच्या ओळी त्यावर असतात: काउंटी, डिस्ट्रिक्ट किंवा बरो, पोलीस, अग्निशमन. त्यातच, बहुधा सगळ्यात लहान आकड्याची, पॅरिश किंवा टाउन कौन्सिलची, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवरच्या निवडून आलेल्या स्थानिक मंडळाची, एक ओळ असते. ती दिसली तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

ती ओळ सगळीकडे नसते. मोठ्या शहरांच्या बऱ्याच भागांत पॅरिशच नाहीत; सबंध लंडनमध्ये क्वीन्स पार्क ही एकच आहे. उलट मिल्टन कीन्स आणि स्विंडन पूर्णपणे पॅरिशमध्ये वाटलेले आहेत, आणि रेडिंगला लागून असलेल्या अर्ली, वुडली या भागांना स्वतःच्या टाउन कौन्सिल आहेत. टाउन कौन्सिल म्हणजे नाव वेगळं, कायदा तोच. चर्चचा याच्याशी संबंध नाही. १८९४च्या कायद्याने गावकारभार चर्चच्या हातून काढून निवडून आलेल्या लोकांकडे दिला, ‘पॅरिश’ हे नाव तेवढं मागे राहिलं.

आपल्याला ग्रामपंचायत माहीत असल्यामुळे हे समजायला सोपं जातं, पण दोन ठिकाणी गल्लत होते. इथे लोकांनी थेट निवडलेला सरपंच नाही. सदस्य दरवर्षी मे महिन्यात आपल्यातूनच एकाला अध्यक्ष निवडतात, आणि त्या अध्यक्षाला एकट्याने काहीही मंजूर करता येत नाही. दुसरं म्हणजे, आपल्याकडचा ग्रामसेवक वरून नेमलेला असतो, इथला क्लार्क कौन्सिलने स्वतः पगार देऊन ठेवलेला असतो. अजेंडा, इतिवृत्त, पत्रव्यवहार, हिशेब हे सगळं क्लार्ककडून होतं, म्हणून कुठल्याही कामाची सुरुवात क्लार्कला ईमेल करण्यापासून करावी. ओळखीच्या सदस्याला रस्त्यात गाठून सांगितलेलं काम बहुतेक वेळा रस्त्यातच राहतं.

भारतीय पासपोर्टवर काय करता येतं

याबद्दल आपल्या लोकांत फार गैरसमज आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय नागरिकाला इंग्लंडमधल्या निवडणुकांत मत देता येतं. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, आयएलआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) लागत नाही. वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा, डिपेंडंट व्हिसा, कुठलाही वैध व्हिसा असला, वय १८ पूर्ण असलं आणि तुम्ही तिथे राहत असलात की पुरे. नावनोंदणी सरकारी संकेतस्थळावर पाच-दहा मिनिटांत होते. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मतदानाआधी १२ कामकाजाचे दिवस नोंदणी बंद होते. घर बदललं की नाव आपोआप पुढे जात नाही, पुन्हा नोंदवावं लागतं. भाड्याच्या घरांत राहणारे नेमके इथेच यादीबाहेर राहतात.

मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, यूकेचं ड्रायव्हिंग लायसन्सही चालतं. ऑफिसचं कार्ड चालत नाही.

उमेदवारीचा नियम मात्र कडक आहे. राष्ट्रकुलातल्या नागरिकाला उभं राहायचं असेल तर आयएलआर हवी, किंवा त्याला इथे राहायला परवानगीचीच गरज नसावी. म्हणजे वर्क व्हिसावर मत देता येतं, उभं राहता येत नाही. याशिवाय पुढच्या चारपैकी एक तरी अट पूर्ण व्हावी लागते: त्या पॅरिशच्या मतदारयादीत नाव असणं, गेले पूर्ण १२ महिने तिथे मालक किंवा भाडेकरू म्हणून जागा ताब्यात असणं, १२ महिने मुख्य नोकरी-धंदा तिथे असणं, किंवा १२ महिने पॅरिशमध्ये वा तिच्या हद्दीपासून ४.८ किलोमीटरच्या आत राहत असणं. लागू होतील तितक्या सगळ्या अटींवर खूण करा. फक्त मतदारयादीची अट धरलीत आणि पुढे घर बदलून नाव यादीतून गेलं, तर सदस्यत्वही जातं. बाकीच्या अटी निवडणुकीच्या वेळी पूर्ण असल्या की नंतर घर बदलल्याने सदस्यत्वाला धक्का लागत नाही.

आधी बैठकीला जाऊन बसा

अर्ज भरायची घाई करू नका. निदान तीन बैठकांना जाऊन मागे बसा. बैठका लोकांसाठी खुल्या असतात, हा हक्क १९६०च्या कायद्याने दिलेला आहे. आधी नाव द्यावं लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. फक्त एखादा गोपनीय विषय असेल तर तेवढ्यापुरतं ठराव करून लोकांना बाहेर थांबवता येतं.

बैठकीची सूचना तीन पूर्ण दिवस आधी गावात ठळक जागी लावावी लागते. काचेच्या दारामागची लाकडी पाटी असते ती हीच, बहुधा हॉलच्या नाहीतर दुकानाच्या बाहेर. सूचनेचा दिवस, बैठकीचा दिवस आणि रविवार मोजत नाहीत. त्यामुळे बैठक मंगळवारी असेल तर आधीच्या गुरुवारपर्यंत अजेंडा लागलेला असायला हवा.

हा अजेंडा नीट वाचणं म्हणजे निम्मं काम. जो विषय त्यावर नाही त्यावर कौन्सिलला कायद्याने निर्णय घेताच येत नाही. लोक तावातावाने येतात, नागरिकांसाठी ठेवलेल्या वेळेत बोलतात, अध्यक्ष ‘आभारी आहोत’ म्हणतात आणि पुढचा विषय सुरू होतो. बोलणाऱ्याला वाटतं, आपल्याला उडवून लावलं. खरं तर त्या रात्री त्यांच्या हातात काही नसतं. म्हणून बैठकीच्या निदान दहा दिवस आधी क्लार्कला लिहा आणि विषय अजेंड्यावर घ्यायची विनंती करा. बैठकीत बोलणं हा नागरिकाचा कायदेशीर हक्क नाही, पण बहुतेक कौन्सिल आपल्या नियमांत त्यासाठी थोडा वेळ ठेवतात, साधारण माणशी तीनेक मिनिटं. तेवढ्यात एकच मुद्दा नीट होतो.

ईमेल कसा लिहायचा? ‘पार्कची अवस्था फार वाईट आहे, काहीतरी करा’ यावर काहीही होत नाही. ‘अमुक रस्त्यावरच्या मैदानात लहान मुलांच्या दोन झोक्यांपैकी डावीकडच्या झोक्याची साखळी वरच्या कडीपाशी झिजली आहे, फोटो जोडला आहे, पुढच्या बैठकीत दुरुस्तीचा विषय घ्यावा’ असं लिहिलं की क्लार्क तो झोका बंद ठेवू शकतो, दुरुस्तीचा दर मागवू शकतो आणि सदस्यांपुढे आकडा ठेवू शकतो. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर खांबावर क्रमांकाची छोटी पट्टी असते, तो क्रमांक द्या. दिवा पॅरिशचा की काउंटीचा हेही त्यावरून कळतं.

काम कोणाचं आहे हे आधी ओळखा. मैदानं, बाक, बसथांब्याचे निवारे, दफनभूमी, गावचा हॉल, अलॉटमेंट (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे) ही कामं पॅरिशकडे असू शकतात. रस्त्यातले खड्डे, शाळा, कचऱ्याच्या गाड्या पॅरिशकडे नाहीत. बांधकाम परवानगीवर पॅरिश फक्त मत देते, निर्णय वरच्या, म्हणजे डिस्ट्रिक्ट किंवा बरो कौन्सिलचा असतो, आणि मत द्यायला साधारण २१ दिवस मिळतात. तिथे ‘आमच्या घराची किंमत पडेल’ किंवा ‘खिडकीतून दिसणारं शेत जाईल’ हे मुद्दे धरले जात नाहीत. वाहतूक, उजेड अडणं, शेजाऱ्याच्या घरात थेट नजर जाणं हे धरले जातात.

पैशाच्या बाबतीत वेळ साधावी लागते. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, आपल्यासारखंच. पुढच्या वर्षाचा आराखडा शरद ऋतूत तयार होतो आणि काउन्सिल टॅक्समधून किती घ्यायचे, म्हणजे प्रिसेप्ट, हे साधारण जानेवारीत ठरतं. गणेशोत्सवाला हॉलसाठी मदत किंवा मुलांच्या मराठी शाळेला अनुदान हवं असेल तर ऑक्टोबरच्या सुमारास अर्जाचा नमुना मागा. फेब्रुवारीत मागितलंत तर उत्तर बहुधा ‘पुढच्या वर्षी या’ असंच येणार. अनुदान त्या पॅरिशमधल्या लोकांच्या फायद्याचं असावं लागतं. म्हणून येणाऱ्यांपैकी किती जण पॅरिशमधले, कार्यक्रम सगळ्यांना खुला आहे का, हे अर्जात आकड्यांनी लिहा. आपले अर्ज बहुतेक याच जागी कमी पडतात.

हिशेब तपासायचा हक्कही वापरा. दरवर्षी सलग ३० कामकाजाचे दिवस वह्या आणि पावत्या बघायला खुल्या असतात, आणि जुलैचे पहिले १० कामकाजाचे दिवस त्यात धरावेच लागतात. मतदाराला लेखापरीक्षकाला प्रश्न विचारता येतो, हरकतही घेता येते.

सहा सह्यांची ताकद

१ मार्च ते १ जून यांच्या दरम्यान वार्षिक पॅरिश सभा होते. ही कौन्सिलची बैठक नव्हे. ही आपली ग्रामसभा. संध्याकाळी सहाच्या आधी ती सुरू करता येत नाही, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना येता यावं. यादीतला प्रत्येक मतदार तिथे बोलू शकतो आणि मत देऊ शकतो. ठराव कौन्सिलवर बंधनकारक नसतो, पण पन्नास माणसांनी हात वर केलेला ठराव बाजूला सारणं कुठल्याही कौन्सिलला जड जातं. वर्षात इतर वेळी सहा मतदार मिळूनही अशी सभा बोलावू शकतात.

अलॉटमेंटलाही सहाच लागतात. पॅरिशमधल्या सहा मतदारांनी किंवा काउन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी लेखी मागणी केली की १९०८च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलला ती विचारात घ्यावी लागते, आणि मागणी खरी आहे असं त्यांचं मत झालं तर जागा पुरवणं हे त्यांचं कर्तव्य ठरतं. जुन्या मापाचा पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे अडीच गुंठे. मेथी, कोथिंबीर, लाल माठ घरच्यापुरता काढायला अर्धा तुकडाही भरपूर होतो. पत्रात सहाही जणांचे पत्ते आणि प्रत्येकाला पूर्ण की अर्धा तुकडा हवा, हे लिहा. नुसत्या सह्यांपेक्षा क्लार्कला ते दाखवून बोलता येतं.

उमेदवारी अर्ज

निवडणूक दर चार वर्षांनी, मेच्या पहिल्या गुरुवारी. २०२३मध्ये जिथे झाली तिथली ठरलेली पुढची २०२७ची. आपल्या भागाची तारीख डिस्ट्रिक्टच्या निवडणूक कार्यालयाकडून पक्की करून घ्या. अनामत रक्कम नाही, पक्षाची गरज नाही. कौन्सिलमध्ये निदान पाच सदस्य असतात. बऱ्याच गावांत जागांइतकेही अर्ज येत नाहीत आणि मग मतदान न होताच माणसं निवडून येतात. अर्ज नीट भरणं हीच तिथे खरी परीक्षा असते.

कागद तीन: नामांकन अर्ज, घरच्या पत्त्याचा अर्ज आणि संमतीपत्र. तिन्ही मूळ प्रती हातोहात पोचवाव्या लागतात, ईमेल किंवा पोस्ट चालत नाही. मुदत मतदानाच्या आधीच्या १९व्या कामकाजाच्या दिवशी दुपारी ४ वाजता संपते. चार वाजून एक मिनिटाने आलेला अर्ज घेतला जात नाही, कितीही ओळख असली तरी.

नामांकनावर सूचक आणि अनुमोदक अशा दोघांच्या सह्या लागतात, दोघंही त्याच पॅरिशचे मतदार हवेत, आणि वॉर्ड असतील तर त्याच वॉर्डचे. त्यांच्या नावापुढे मतदार क्रमांकाचा रकाना असतो. नुसता आकडा लिहून भागत नाही. आधी पोलिंग डिस्ट्रिक्टची (मतदान विभागाची) अक्षरं, मग आकडा. हा क्रमांक दरवर्षी बदलू शकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या कार्डावरून उतरवू नका, चालू यादीतून घ्या. आपलं नाव आणि बाकी तपशील आधी पूर्ण भरा, सह्या मग घ्या. कोऱ्या अर्जावर सह्या घेऊन नंतर भरणं नियमात बसत नाही.

आपल्या नावांचा घोळ हमखास होतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि शेजारी तुम्हाला भलत्याच छोट्या नावाने ओळखतात. पूर्ण नाव त्याच्या जागी लिहा, आणि रोजच्या वापरातल्या नावाचा वेगळा रकाना भरा, म्हणजे मतपत्रिकेवर लोकांच्या ओळखीचं नाव येईल. नावाखाली स्वतःचं वर्णन द्यायचं तर जास्तीत जास्त सहा शब्द, आणि त्यातून कुठल्या पक्षाचा भास होता कामा नये. घरचा पत्ता जाहीर नको असेल तर तशी सोय पत्त्याच्या अर्जात आहे.

संमतीपत्रावर जन्मतारीख, पात्रतेची अट आणि साक्षीदाराची सही लागते. अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधी महिन्याहून जुनी सही धरली जात नाही. हे सगळं भरल्यावर शेवटच्या दिवसाची वाट न बघता निवडणूक कार्यालयाची वेळ घेऊन अर्ज तपासून घ्या. तिथले लोक चूक दाखवतात, आणि नवा कागद आणायला वेळ उरतो.

पत्रकं छापलीत तर प्रत्येकावर छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव-पत्ता हवाच. मतदारांना सांगताना हेही सांगा: जितक्या जागा तितक्या फुल्या मारता येतात, कमी चालतात, एक जरी जास्त झाली तरी पूर्ण मतपत्रिका बाद.

मधेच जागा रिकामी झाली तर पाटीवर तशी सूचना लागते. १४ कामकाजाच्या दिवसांत १० मतदारांनी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाहीतर कौन्सिल स्वतः कोणाला तरी सदस्य म्हणून घेते. तीन-चार बैठका मागे बसलेल्या माणसाचं नाव तेव्हा क्लार्कच्या लक्षात असतं.

निवडून आल्यावर

पद स्वीकारल्याच्या घोषणेवर पहिल्या बैठकीत किंवा त्याआधी सही करा. कौन्सिलने मुदत वाढवून दिली नसेल आणि सही राहिली, तर जागा रिकामी होते. २८ दिवसांत आपल्या आणि जोडीदाराच्या आर्थिक हितसंबंधांची नोंद द्यावी लागते: नोकरी, घर, पॅरिशमधली जमीन. हे टाळणं हा गुन्हा आहे. निवडणूक खर्चाचं विवरण मतदानानंतर २८ दिवसांत द्यायचं, एक पैसाही खर्च झाला नसला तरी शून्य लिहून.

आणि एक नियम आपल्या लोकांनी खास ध्यानात ठेवावा. सलग सहा महिने एकाही बैठकीला हजर नसलात तर सदस्यत्व आपोआप जातं. आईवडिलांच्या आजारपणासाठी भारतात जास्त दिवस राहावं लागेल असं दिसलं की सहा महिने पुरे होण्याआधीच क्लार्कला कारण लिहून कळवा आणि कौन्सिलच्या बैठकीत ते मंजूर करून घ्या. मुदत उलटल्यावर आलेलं कारण कितीही खरं असलं तरी कौन्सिलला ते मंजूर करता येत नाही.