वर्गातला डबा उलटा करा

५ जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, आपल्याकडे शाळा उघडलेल्याच नसतात. त्यामुळे 'कचरा टाळा'ची चित्रं आणि घोषवाक्यं जूनच्या अखेरीस उरकली जातात. कार्डशीट, थर्माकोल, चकाकी, सेलोटेप असं सगळं त्यात वापरलं जातं आणि जुलैत तेच शाळेच्या कचऱ्यात जातं. मुलांना हे दिसतं, ती बोलत नाहीत इतकंच. म्हणून पोस्टर बाजूला ठेवा आणि कचऱ्यापासूनच सुरुवात करा. खालची रीत पाचवी ते आठवीच्या वर्गांना चांगली लागू पडते.

आधी वजन करा

एक जुनी ताडपत्री मैदानात पसरा आणि वर्गातला दिवसभराचा कचऱ्याचा डबा तिच्यावर उलटा करा. हातात रबरी मोजे हवेत, काच किंवा ब्लेड मोठ्यांनीच चिमट्याने उचलायचं, नंतर साबणाने हात धुवायचे. मग ढीग करा: ओला, सुका, घातक (सेल, फुटलेली ट्यूब, मुदत संपलेली औषधं). घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीही हेच तीन भाग सांगितले. आम्ही एक चौथा ढीग ठेवतो, 'कुणालाच नको' नावाचा. वेफर्सची पाकिटं आणि चॉकलेटचे कागद त्यात जातात. वरवर कागदासारख्या दिसणाऱ्या या पाकिटांत प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटलेला असतो. तो सुटा करणं परवडत नाही, म्हणून भंगारवालाही हात लावत नाही.

प्रत्येक ढीग स्प्रिंगच्या काट्यावर तोला आणि आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. हे सलग सहा दिवस करायचं. सरासरी आणि टक्केवारी काढायला गणिताच्या बाईंना बोलवा. पुस्तकातल्या आंब्यांच्या पेट्यांपेक्षा मुलं या आकड्यांवर जास्त भांडतात.

मग विचारा: हे आलंच नसतं तर?

पुनर्वापराआधी हा प्रश्न यायला हवा. बहुतेक शाळा तो गाळतात आणि थेट बाटल्यांच्या कुंड्या करायला बसतात. कुंड्या छान दिसतात, पण बाटल्या येतच राहतात.

चौथ्या ढिगात बहुधा वाढदिवसाची चॉकलेटं सापडतील. साठ मुलांच्या तुकडीत प्रत्येकाने प्रत्येकाला एक दिलं तर वर्षाला किती कागद, हे मुलांनाच काढू द्या. ३५४० हे उत्तर आल्यावर वर्ग गप्प होतो. त्याऐवजी बरणीतल्या चिक्कीचे तुकडे वाटता येतात, किंवा वर्गाच्या पेटीत एक गोष्टीचं पुस्तक देता येतं. पालकसभेत हे आपण न बोलता मुलांना बोलू द्यावं.

वह्यांचं त्याहून सोपं. मार्चअखेर जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून घ्या. एका बाजूने छापलेले पाठकोरे कागद ऑफिसात पडलेले असतातच, तेही घ्या. दाभणाने तीन भोकं पाडून सुतळी ओवली की रफ वही तयार.

भंगाराच्या दुकानात एक फेरी

नाशिकमधल्या भद्रकालीपर्यंत जायची गरज नाही, शाळेजवळचं कुठलंही दुकान चालेल. आदल्या दिवशी दुकानदारकाकांना विचारून ठेवा. काय घेता, काय नाकारता, कशाला जास्त भाव, हे मुलांनी विचारायचं. पुठ्ठा ओला असला की भाव पडतो, तेलकट कागद चालत नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं पक्कं राहतं. बाटलीच्या तळाचा त्रिकोणातला आकडाही दाखवा: १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट प्लास्टिक, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, 'हे नक्की रिसायकल होईल' असं नाही. मोठ्यांचाही इथे गोंधळ होतो.

ओलं शाळेतच जिरवा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. आमचा पहिला प्रयत्न फसला होता. पोषण आहारातली उरलेली खिचडी आम्ही बादलीत भरून वर झाकण लावलं. चार दिवसांत असा वास सुटला की शेजारच्या वर्गाने खिडक्या लावून घेतल्या. चूक दोन ठिकाणी होती. हवा मिळत नव्हती आणि सुकी पानं नव्हती.

रंगाच्या रिकाम्या बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं पाडा. खाली काड्या, वर सुक्या पानांचा जाड थर, मग ओलं. एक भांडं ओल्याला दोन भांडी सुकी पानं, हे माप मुलांना पाठ असू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारात पडलेली पानं जाळू नका, गोण्यांत भरून ठेवा. वर्षभराचा सुका माल फुकट मिळतो. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा शेणाचं पाणी घाला. आठवड्याला एकदा उलटंपालटं करा. मुठीत दाबून पाहा: एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी पानं, भुगा झाला तर पाणी. भाजीचे देठ, केळ्याची सालं, हंगामात द्राक्षांचे देठ, सगळं चालतं. शिजलेलं अन्न मात्र थोडंच, तेही पानांत नीट मिसळून.

दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येऊ लागतो. मोठा ढीग असेल तर प्रयोगशाळेतला थर्मामीटर मध्यभागी खुपसा, तापमान ५० अंशांपुढे जातं. बादली एवढी तापत नाही.

'पण घंटागाडीत सगळं एकत्रच होतं ना?' असं कुणी तरी विचारणारच. वाद घालू नका. ओलं आवारातच जिरलं तर गाडीत जायला सुकंच उरतं. जमल्यास नाशिक महापालिकेची परवानगी काढून पाथर्डीचा खतप्रकल्पही दाखवून आणा.

पुन्हा तोला

दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि जानेवारीत तेच सहा दिवस, तोच काटा. आकडा वाढला तरी खोडू नका. आमचा जानेवारीत वाढला होता. तिळाच्या वड्या प्लास्टिकच्या चिमुकल्या पिशव्यांतून आल्या होत्या, शिवाय पतंगांचा हंगाम. कुणाच्या तरी दप्तरातून आवारात पडलेला नायलॉन मांजाचा गुंताही ताडपत्रीवर आला, बंदी असतानाही. तो कुठल्या ढिगात टाकायचा, यावर वर्ग बराच वेळ अडला. शेवटी मुलींनी कात्री मागितली, पक्ष्यांच्या पायात अडकू नये म्हणून त्याचे बोटभर तुकडे केले आणि मग चौथ्या ढिगात टाकले.