आंब्याच्या खोक्यावरही उठून दिसेल असा लोगो कसा करावा

लोगो छापायच्या सगळ्या जागांची आधी यादी करा: डझनाचे खोके, आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली, मसाल्याचे पाकीट, पाटी, बिलबुकाचा शिक्का, व्हॉट्सॲपचा डीपी. यातली सर्वांत लहान आणि सर्वांत वाईट छपाईची जागा धरूनच लोगो करायचा. ती जागा बहुधा खोके किंवा शिक्काच असते.

मग चित्र. आंबा, माड, होडी, दीपगृह ही चित्रे कोकणात इतकी झाली आहेत की त्यांनी कुणाचाच माल ओळखू येत नाही. त्यापेक्षा आपल्या कामातली एखादी वस्तू घ्या. बागायतदाराला झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) चालेल, आगळवाल्याला कोकमाची आडवी कापलेली फोड. वस्तू एकच हवी आणि नुसत्या काळ्या सावलीवरून ओळखता यायला हवी. पेन्सिलीने पंधरा-वीस कच्ची चित्रे काढा. रंग शेवटी.

खरी गोची होते अक्षरांत. जाड वळणात लहान आकाराला ‘भ’चा ‘म’ आणि ‘घ’चा ‘ध’ वाटतो, अनुस्वार शिरोरेघेला चिकटून गायब होतो. अनुस्वार आणि रेघ यांत मोकळी जागा मुद्दाम ठेवा. इंग्रजीच्या सवयीने अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेघ तुटते, ते टाळा. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट मोफत असून धंद्यासाठीही वापरता येतात. राज्याच्या नियमानुसार दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. इंग्रजी नाव मोठे आणि मराठी कोपऱ्यात, अशी मांडणी करूच नका.

तपकिरी पुठ्ठ्यावर पिवळा मातकट दिसतो आणि पांढरा सहसा छापतच नाहीत. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ तुटते. भरीव रंगात कोरी सोडलेली अक्षरे शाईने बुजतात, त्यांची रेघ निदान 1 मिमी ठेवा. तपासायला लोगो 20 मिमी रुंदीत काळा छापा, त्याची झेरॉक्स काढा, मग त्या झेरॉक्सचीही. तरी नाव वाचता आले तर पुढे जा. बाहेरच्या पाटीवर लाल-पिवळ्याच्या भरवशावर राहू नका, उन्हात ते आधी विटतात.

डिझायनरकडून सीडीआर (कोरलड्रॉ) किंवा एआय (इलस्ट्रेटर), पीडीएफ आणि पारदर्शक पीएनजी अशा फायली मागून घ्या. अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदललेली हवीत, नाहीतर प्रेसच्या संगणकावर फॉन्ट नसला की जोडाक्षरे फुटतात. एकरंगी प्रतही वेगळी घ्या.

छपाईआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या मालाच्या वर्गात तसे नाव आधीच आहे का, ते शोधा. ताजा आंबा वर्ग 31, मसाला 30, सरबत 32, होमस्टे 43. नोंदणी 10 वर्षांची असते, पुढे नूतनीकरण. वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच लावायचा. आधी लावणे बेकायदेशीर आहे, त्याला दंड होतो. ‘हापूस’ला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे तो शब्द लोगोत गुंफू नका. मानांकनाचे चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तरच, आणि लोगोपासून वेगळे छापा.