लॅपटॉपच्या जुन्या अडॅप्टरवर फवारणी पंपाची बॅटरी चार्ज करताना

फवारणीचा हंगाम तोंडावर आला की पाठीवरचा बॅटरी पंप बाहेर निघतो आणि नेमका तेव्हाच त्याचा चार्जर मेलेला निघतो. घरात लॅपटॉपचा जुना अडॅप्टर पडून असेल तर त्यावर काम भागवता येतं. मात्र अडॅप्टरची पिन कापून दोन वायरी सरळ बॅटरीला लावू नका. बॅटऱ्या सर्वांत जास्त याच घाईत जातात.

अडॅप्टर म्हणजे चार्जर नव्हे. त्याच्या लेबलवर आउटपुटच्या ओळीत बहुधा 19 किंवा 19.5 व्होल्ट आणि 3.42 किंवा 4.74 अँपिअर असं लिहिलेलं असतं. पंपातली 12 व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना 14.4 ते 14.7 व्होल्टपर्यंतच जायला हवी. त्याच्या वर गेली की आतल्या पाण्याचा वायू व्हायला लागतो, बॅटरी तापते, फुगते, आतून सुकते. अशा बॅटरीत पाणी भरून ती परत आणता येत नाही. करंटचंही तसंच. 8 अँपिअर-तासाच्या बॅटरीला 0.8 ते 1 अँपिअर पुरे. थेट जोडलेला अडॅप्टर एकतर सगळा जोर बॅटरीवर लावतो, नाहीतर स्वतःच्या संरक्षणामुळे चालू-बंद होत राहतो.

म्हणून दोघांच्या मध्ये एक बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारं छोटं सर्किट हवं, आणि तेही व्होल्टेज व करंट दोन्ही बांधून देणारं, म्हणजे दोन स्क्रूचं. एकाच स्क्रूचं मॉड्यूल फक्त व्होल्टेज बांधतं. बसलेली बॅटरी लावली की करंट त्याच्या आवाक्याबाहेर जातो. एक्सएल4015 चिपवरची मॉड्यूल या कामाला सोयीची पडतात. अडॅप्टरच्या ताकदीची काळजी नको. 14 व्होल्ट आणि 1 अँपिअर म्हणजे 15 वॅटच्या आतबाहेर, आणि वर सांगितलेले अडॅप्टर 65 किंवा 90 वॅटचे असतात.

वायर सोलल्यावर आतली एक आणि तिच्याभोवती जाळीसारखी दुसरी, अशी रचना बऱ्याच अडॅप्टरमध्ये दिसते. बहुतेक वेळा आतली प्लस आणि जाळी मायनस असते, पण मल्टीमीटर लावून खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध बारीक सुईसारखा तिसरा संपर्क असतो. तो लॅपटॉपला अडॅप्टर ओळखू येण्यासाठी असतो, त्यातून वीज घ्यायची नाही. त्याची बारीक वायर टेप लावून वेगळी ठेवा. टाइप-सी पिनेचा अडॅप्टर या कामाला घेऊ नका, कारण समोरच्या उपकरणाशी बोलणी झाल्याशिवाय तो 5 व्होल्टच्या वर जात नाही. अडॅप्टरचा डबा उघडायचा नाही. 230 व्होल्टच्या लाइनवर आतला कपॅसिटर 325 व्होल्टच्या आसपास भरतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला राहू शकतो.

आता सेटिंग. बॅटरी न जोडता मॉड्यूलच्या आउटपुटवर व्होल्टेजचा स्क्रू फिरवून 14.7 व्होल्ट करा. मग मल्टीमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या खाचेत घालून तो आउटपुटवर धरा आणि करंटचा स्क्रू 0.8 अँपिअरवर आणा. लगेच लाल वायर परत व्होल्टच्या खाचेत घाला. हे विसरून बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात तर बॅटरी थेट शॉर्ट होते.

मॉड्यूल आणि बॅटरीच्या मध्ये प्लसच्या वायरीवर 1एन5822 डायोड लावा, पट्टीची बाजू बॅटरीकडे. वीज गेली तर बॅटरीतला करंट मॉड्यूलमध्ये उलटा जात नाही. डायोड थोडं व्होल्टेज खातो, त्यामुळे मॉड्यूलवर 14.7 असलं तरी बॅटरीपर्यंत 14.4 च्या आसपास पोचतं, तेच आपल्याला हवंय. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात मॉड्यूल 14.4 वर उतरवा. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज मानवतं. बॅटरीच्या प्लसजवळच 3 अँपिअरचा फ्यूज हवा.

चार्जिंग हवेशीर, कोरड्या जागी करा, डिझेल-पेट्रोलजवळ नको. पूर्ण बसलेल्या 8 अँपिअर-तासाच्या बॅटरीला दहा-बारा तास लागतात. करंट 0.1 अँपिअरवर घसरला की काढा, 14.4 व्होल्टवर दिवसेंदिवस लावून ठेवू नका.

पंपात लिथियम बॅटरी असेल तर हे सेटिंग अजिबात वापरू नका. तीन सेलच्या लिथियम-आयन पॅकची मर्यादा 12.6 व्होल्ट आहे, 14.4 दिलं तर आग लागू शकते. त्या बॅटरीला तिचाच चार्जर घ्या. कोणी अनेक प्रकारच्या बॅटऱ्यांचा तयार डिजिटल चार्जर अडॅप्टरवर चालवणार असेल, तर त्याचं इनपुट आधी वाचा: काहींची मर्यादा 18 व्होल्टच असते, तिथे 19.5 चा अडॅप्टर लावायचा नाही.

औषध कालवण्याआधी एकदा साध्या पाण्यावर पंप चालवून बघा. चार्जिंगनंतर तीन-चार तास मोकळी ठेवलेली चांगली बॅटरी 12.7 व्होल्टच्या जवळ दाखवते. पंप चालू करताच ती काही मिनिटांत 10.5 च्या खाली गेली तर बॅटरी संपली आहे, चार्जरचा दोष नाही. फवारणीच्या आधी ती बदलून घ्या. हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण भरून, पंपापासून सोडवून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावा.